सरकलेला निळा डाग

आधीच सांगून ठेवतो

मी थोडं वाढवून सांगतो. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी काहीही सांगितलं की लोक मनातल्या मनात निम्मं वजा करूनच ऐकतात. हातकणंगल्याजवळच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली. तिथं मी फळ्यावर काढलेली काकडी एका शेळीनं चाटली, ही माझी नेहमीची गोष्ट. शेळी खरी आहे. काकडीही खरी आहे. चाटलं मात्र तिनं डस्टर.

हे आत्ताच कबूल करायचं कारण म्हणजे पुढं सगळं आजारपणाचं आहे. ज्याच्या घरात आज असा माणूस खाटेवर पडून आहे, त्यानं हे वाचताना वजाबाकी करत बसू नये. म्हणून जिथं वाढवलंय तिथं मी तसं सांगेन. बाकीचं जसं झालं तसं.

मला झालं ते जीबीएस. पूर्ण नाव दोन परक्या माणसांची आडनावं जोडून केलेलं आहे आणि ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. गल्लीत त्याला ‘ते नसांचं’ म्हणतात. तेवढं पुरतं.

एकच चप्पल

जानेवारीतली संध्याकाळ. रंकाळ्याला चक्कर मारून घरी आलो तर उजव्या पायात चप्पल नव्हती. माझी बायको शालन दारात क्रोशाचं काम घेऊन बसली होती. तिनं आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं. मी लगेच सांगितलं की वाटेत एक म्हातारा अनवाणी दिसला, त्याला देऊन टाकली.

“एकच?” ती म्हणाली.

म्हातारा एका पायाचा होता, असं जिभेवर आलं होतं. पण खरं म्हणजे चप्पल कुठं गळली, कधी गळली, मला काही कळलंच नव्हतं. पायाला कळलं नव्हतं. आठ-दहा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल, असं म्हणून मी जेवून झोपलो.

सकाळी रंगवायला बसलो. निळ्या रंगाची ट्यूब दाबली, रंग येईना. ट्यूब वाळली म्हणून दुकानदाराच्या नावानं दोन वाक्यं बोललो. शालननं ती हातात घेऊन दोन बोटांनी दाबली तर रंगाची ही एवढी अळी पॅलेटवर पडली. मी परत दाबून बघितली. काही नाही. मग मी गप्प बसलो.

मी गप्प बसलो एवढ्यावरच शालननं रिक्षा बोलावली.

गुडघ्याचा निकाल

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. गुडघ्यानं ऐकून घेतलं आणि जागच्या जागी राहिला. दुसऱ्यावर मारली, तोही तसाच. माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं प्रश्न विचारल्यावर जशी बघायची, तसे माझे दोन्ही गुडघे डॉक्टरांकडं बघत होते. मग हातापायांत करंट सोडून नसा तपासल्या, पाठीतून पाणी काढलं. त्या सुईबद्दल मी गल्लीत सांगतो की ती क्रोशाच्या सुईएवढी होती. नव्हती. भीती तेवढी होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी शालनला आणि मला एकत्र बसवून सांगितलं. पोटातल्या जंतूशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उठलंय. म्हणजे पैलवानानं आखाड्यात उतरून आपल्याच वस्तादाला चीत करावं तसं. हा दाखला माझा, डॉक्टरांचा नव्हे. ते म्हणाले, आधी वाढेल, मग थांबेल, मग उतरेल. बहुतेक माणसं बरी होतात. वेळ मात्र लागतो.

शालननं एकच शब्द विचारला. “हात?”

हातही, ते म्हणाले. पण किती परत येतील आणि कधी, ते आज सांगता येणार नाही.

घरात आम्ही दोघं हातानं जगणारी माणसं. तिचा क्रोशा, माझे जलरंग. नोकरी संपल्यावर मला हात सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणजे तोंड होतं. पण तोंडाला जलरंग येत नाहीत.

मोजणी

आयसीयूत अकरा दिवस होतो. गल्लीत मी एकवीस सांगतो.

पहिल्या तीन दिवसांत आजार पायातून मांडीत, मांडीतून हातात चढला. खांद्याखालचं काहीच माझं उरलं नाही. श्वासाचं यंत्र खाटेशेजारी आणून ठेवलं होतं, लागलं तर हाताशी असावं म्हणून. ते लागणार की नाही, हे ओळखायची तिथली रीत साधी होती. दर दोन-तीन तासांनी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, काका, एका श्वासात मोजा. एक, दोन, तीन. कुठवर जाता बघू. आकडा खाली यायला लागला की समजायचं.

पहिल्या दिवशी मी तीसवर गेलो. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सात-आठपर्यंत आलो आणि छाती रिकामी होत आली. मग मी काय केलं? आठवरून थेट बारावर उडी मारली. पुढं चौदा, सतरा. जन्मभराची सवय.

त्या सिस्टर शाहूवाडीकडच्या होत्या, आवाज डोंगरातला. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. खाटेजवळ वाकून हळू बोलल्या, “काका, मला फसवलासा तर चालतंय. पण आकडा चुकला तर यंत्र लावायला उशीर होईल. खरं मोजा.”

मी खरं मोजलं. नऊ.

त्या रोज सकाळी माझं नाक खाजवायच्या. ज्याचे दोन्ही हात गेलेत त्यालाच ठाऊक, नाकाच्या शेंड्याला खाज सुटणं म्हणजे काय असतं. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच एकदा माझं तोंड वाकडंतिकडं होताना बघितलं, आणि तेव्हापासून चहाच्या आधी नाक. आजारपणात देव कुठं भेटतो असं कुणी विचारलं तर मी तो नाकावर भेटल्याचं सांगेन.

आकडा नऊवर आला त्याच संध्याकाळी भेटायच्या वेळेला शालन आली. किती मोजलं, तिनं विचारलं. चाळीस, मी म्हणालो. ती हसली. मला बरं वाटलं.

नऊच्या खाली आकडा गेला नाही. दोन दिवस तिथंच अडला, मग अकरा झाला, मग पंधरा. यंत्र गुंडाळून दुसरीकडं नेलं. ते जाताना मी डोळ्यांनीच त्याला रामराम केला.

चालू काम

महिन्याभरानं घरी आलो. पाय काठीच्या आधारानं चालायला लागले होते. हात मात्र पाहुण्यासारखे मांडीवर पडून असायचे. चमचा धरला तर निसटायचा. शर्टाची बटणं शालन लावायची. अंगठ्याला गरम-गार कळत नव्हतं.

आमच्या नातेवाइकांचा आणि ओळखीच्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. नाव ‘चालू काम’. काढला माझ्या थोरल्या बहिणीनं. आम्ही तिला अक्का म्हणतो, गडहिंग्लजला असते. घरात सगळेच काही ना काही सुरू करतात आणि पुरं कुणी करत नाही, हे बघून तिनं नियमच केला की दर रविवारी संध्याकाळी प्रत्येकानं अर्धवट कामाचा फोटो टाकायचा. पुरं झालेलं काम इथं चालत नाही. कुणी चुकून पुरा झालेला रुमाल टाकला तर अक्का लिहिते, हे दुसरीकडं दाखव. गेली चार वर्षं ह्या ग्रुपवर अर्धी स्वेटरं, एकाच कानाचे ससे, आभाळ आहे पण जमीन नाही अशी निसर्गचित्रं, बाह्या नसलेली झबली असा माल येतो. मी दवाखान्यात होतो तेव्हा शालननं तिथल्या बाकावर विणलेल्या कसल्याशा पट्टीचा फोटो दर रविवारी टाकला होता. बाकी काही लिहिलं नव्हतं. लोकांना समजायचं ते समजलं.

व्यायामाला घरी यायच्या त्या तन्वी मॅडमना हा ग्रुप भारी आवडला. बोटांना काम द्या, त्या म्हणाल्या. जाड ब्रश, जाड सुई, जाड लोकर. सकाळी रंग, दुपारी क्रोशा.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन राज्यं झाली. एका बाजूला माझा कागद, दुसऱ्या बाजूला तिची लोकर. सकाळी शालन माझ्या मुठीत जाड ब्रश ठेवून वरून पट्टी गुंडाळायची, म्हणजे तो निसटत नसे. मी खांद्यानं रंगवायचो. आठवड्याला एक आभाळ व्हायचं. मी कंटाळलो की ती ब्रश घ्यायची आणि मी सांगेन तसं रंगवायची. एकदा तिनं वांगं काढलं. मी बराच वेळ बघून म्हटलं, हे वांगं नाही, पावसात भिजलेला बूट आहे. ती पोट धरून हसली आणि त्या बुटाचा फोटो ग्रुपवर टाकला.

दुपारी मी तिच्या राज्यात. क्रोशात एकाला एक टाका अडकवून आधी साखळी करतात, मग त्या साखळीवर खांब उभे करत ओळीवर ओळ चढवतात. नवशिक्याची चूक ठरलेली असते. ओळ उलटताना टोकाचा टाका सुटतो. प्रत्येक ओळीला एक जरी सुटला तरी पट्टी वर जाता जाता निमुळती होते, आणि रुमाल करायला बसलेला माणूस त्रिकोण घेऊन उठतो. माझे टाके एक घट्ट, एक ढिला, आणि दोन्ही टोकांना सुटलेले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दोन ओळी झाल्या. मी त्या बघितल्या आणि खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपून उठलो तर पट्टी टेबलावर सरळ होऊन बसली होती. कडा नीट, खांब एकसारखे. मी विचारलं तर शालन म्हणाली, पाणी मारून, ताणून, टाचण्या लावून वाळवली. असं करतातच.

करतात, हे मला माहीत होतं. आणि दुसरंही एक माहीत होतं. जलरंगाचा कागदही आम्ही असाच ओला करून, ताणून, पाटाला चिकटवतो. किती का सुरकुतलेला असेना, वाळला की ताटासारखा होतो. अठ्ठावीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं. तिनं दुसरी कुठलीही थाप मारली असती तर मी पकडली असती, थापांमध्ये माझा हात कुणी धरू शकत नाही. पण ही माझ्याच धंद्यातली होती. मी विश्वास ठेवला.

आणि फुशारक्या मारत सुटलोच की. रविवारी शालननं काढलेला पट्टीचा फोटो, खाली मोबाईलला बोलून टाकलेलं माझं निवेदन. दहा ओळी झाल्या तेव्हा मी लिहिलं की व्यायामाच्या मॅडमनी असा हात जन्मात बघितला नाही. वीस ओळी झाल्या तेव्हा दवाखान्यातून बघायला माणसं येणार होती. अक्कानं लिहिलं, देव पावला. माझ्याबरोबर गणित शिकवणाऱ्या कांबळे सरांनी लिहिलं, आता निम्मं वजा केलं तरी बरंच उरतंय. बेळगावला दिलेली आमची मुलगी फोनवर रडली. मी मनात उन्हाळ्यापर्यंत हात पुरते परत आणून ठेवले होते.

डाग

एप्रिलमधला बुधवार होता. सकाळी निळ्या रंगात बसलो होतो, आणि दुपारी हात न धुताच सुई घेतली. अंगठा ओला होता, पण अंगठ्याला ते कळत नव्हतं. पांढऱ्या लोकरीला डाग पडला. सगळ्यात वरच्या ओळीच्या अगदी उजव्या टोकाला, मुगाच्या दाण्याएवढा.

त्याच दिवशी मला पहिल्यांदा मोबाईलचं बटण स्वतःच्या बोटानं दाबता आलं होतं. म्हणून मीच फोटो काढला. रविवारची वाट बघितली नाही, ताणून वाळवायचीही नाही. नुसती हौस, ग्रुपसाठी नव्हे. मग जेवून झोपलो.

चार वाजता उठलो, चहा घेतला आणि पट्टी हातात घेतली. डाग तिच्याखालच्या ओळीच्या मधोमध होता.

मी मोबाईल काढला. फोटोत टोकाला, हातात मधोमध. पाण्यानं रंग पसरतो, फिका होतो, कडेला जमतो. हे सगळं मला ठाऊक आहे. पण डाग कधी ओळ उतरत नाही.

तेवढ्यानं समजलं होतं, तरी मास्तर माणूस, दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. ओळ संपल्यावर तिच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध असे मुद्दाम तीन निळे ठिपके लावले. चारला उठून बघितलं. एकही जागेवर नव्हता, आणि एक तर खालच्या ओळीत जाऊन बसला होता.

म्हणजे रोज दुपारी मी झोपलो की शालन माझं उसवत होती आणि त्याच लोकरीनं पुन्हा विणत होती. ग्रुपवर गेलेली एक ओळही माझी नव्हती.

 बुधवारपासून दोन दिवस मी खरोखर बोललो नाही, ह्यात वाढवलेलं काही नाही. पट्टीचं एवढं वाईट वाटलं नाही. मनात वेगळंच सुरू झालं. डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, तेही तिनंच येऊन सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या पकड वाढलीय, तेही त्यांना दारापर्यंत सोडून आल्यावर तिनंच. ह्यातलं ताणून वाळवलेलं किती? हात खरंच येत होते की मला नुसतं खूश ठेवलं जात होतं? मला मोजायला दुसरी पट्टी नव्हती. होती ती हीच.

शुक्रवारी तन्वी मॅडम आल्या तेव्हा शालन दूध आणायला गेली होती. मी त्यांना म्हटलं, मला स्वतःला सांगा. त्यांनी पकड मोजायचं यंत्र काढलं, तीनदा दाबायला लावलं आणि आकडा मला दाखवला. गेल्या महिन्यापेक्षा जास्त होता. फार नव्हता. किती वाढेल, मी विचारलं. त्या म्हणाल्या, वाढत राहील तोवर वाढेल, कुठं थांबेल ते मला माहीत नाही.

ऐकायला ते चांगलं नव्हतं. तरी तो आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला होता.

टेबलावर

शालन दूध ठेवून बसली, सुई घेतली. मी पट्टी तिच्यापुढं सरकवली.

“कवापासनं उसवाय लागलीयास?”

ती दचकली नाही. हातातला खांब पुरा केला. “दुसऱ्या दिवसापासनं.”

“मला सांगायचंस की.”

“सांगून तुम्ही ऐकला असतासा?”

मी म्हटलं, तुझ्या वांग्याला मी तोंडावर बूट म्हणालो होतो, तुला काय झालं? तसंच सांगायचं.

“मला वांगं आलं न्हाई तर घरात काय अडत न्हाई,” ती म्हणाली. “हे तुमचं हात हायत. पयल्या दिवशी ती पट्टी बघून भिंतीकडं तोंड केलासा ते जेवायलाबी उठला न्हाईसा. मी काय करू?”

 मग मी भीतभीत विचारलं की डॉक्टर काय म्हणाले, मॅडम काय म्हणाल्या, ते तरी.

“ते समदं खरं हाय. खोटं फकस्त लोकरीतलं.”

ती पुन्हा विणायला लागली. चार-पाच खांब झाले. मग मान वर न करता म्हणाली, “आणि तुम्ही? चाळीस मोजलं म्हणालासा. सिस्टरनी मला बाहेरच सांगितलंतं, नऊ.”

 ती नऊ ऐकून आत आली होती आणि चाळीस ऐकून हसली होती.

“तवा भ्या वाटलंतं का न्हाई?” तिनं विचारलं.

दवाखान्यातून आल्यापासून निम्म्या कोल्हापूरला मी त्या अकरा दिवसांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांत यंत्र मला घाबरून गेलं होतं, डॉक्टर माझा सल्ला घेत होते, सुई क्रोशाची होती. हे एवढं कुणाला सांगितलं नव्हतं.

“वाटलंतं,” मी म्हणालो. “लई वाटलंतं.”

तिनं मान हलवली. डोळ्याला पदर लावला, आणि सुई हातात होती म्हणून ती पदरात अडकली. ती सोडवण्यात पाचेक मिनिटं गेली. सुई सोडवणं हे दोन धड हातांचं काम, माझी मदत अशी नव्हतीच. मी पदर धरून बसलो.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना मी शहाणपण सांगणार नाही. तिनं उसवलं नसतं तर कदाचित मी सुई दुसऱ्यांदा हातात धरलीच नसती. आणि उसवतच राहिली असती तर मला माझे हात कधी दिसले नसते. दोन्ही खरं आहे. एवढंच सांगतो, की एक दिवस टेबलावर बसून विचारून टाकावं.

रविवार

मी नवी साखळी घातली. वीस टाके. शालनला सांगितलं की ह्या पट्टीला हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, ताणायची तर नाहीच. आठवडाभर दुपारी अर्धा-अर्धा तास बसलो. खालून वीस टाक्यांची सुरुवात, वर पोचता पोचता अकरा. मध्ये एक भोक, त्यातून बोट जाईल एवढं. एका बाजूला ढिली, दुसऱ्या बाजूला अशी आवळलेली की कड आत वळलेली. मास्तर म्हणून मी तिला शंभरात बारा गुण दिले असते.

रविवारी तिचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “हे माझं काम. आधीच्या सगळ्या ओळी शालनच्या होत्या.”

आयुष्यात पहिल्यांदा मी काही न वाढवता लिहिलं होतं, आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

आधी हसणारी तोंडं आली, रांगेनं. कांबळे सरांनी लिहिलं की एवढं वाकडं करायला हातात कला लागते, हे हात बरा झाल्याचंच लक्षण. मुलीनं लिहिलं, पप्पा, मम्मीचं नाव कशाला गोवताय. भाची म्हणाली, मामांनी पायानं विणलंय. अक्कानं लिहिलं, आता चेष्टा बास, खरी पट्टी टाक. मी लिहिलं की हीच खरी आहे. त्यावर आणखी हसणारी तोंडं. मी तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा तर लोकांना वाटलं गोष्ट रंगात आली.

शालन शेजारी बसून हे सगळं वाचत होती. तिनं आपला मोबाईल घेतला, चष्मा लावला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. “ते खरं सांगत आहेत. मी उसवत होते.”

शालन ग्रुपवर फोटो सोडून कधी काही लिहीत नाही. हसणारी तोंडं थांबली. 

मग अक्काचा फोन आला. मला वाटलं आता शालनला बोल लावणार, किंवा मला. तिनं दोन्ही केलं नाही.  म्हणाली, “बरं. आता मला सांग. काय काय येतंय हातात?”

मी माझ्या हातांकडं बघितलं. “चमचा येतोय. पेला दोन हातांनी येतोय. मोबाईलचं बटण येतंय. शर्टाचं न्हाई. पेन धरता येतंय, पण सही दुसऱ्याची दिसतीय.”

“आणि?”

“अंगठ्याला गरम-गार अजून कळत न्हाई.”

“कळंल का?”

“ठाऊक न्हाई, अक्का.”

ती बरं म्हणाली. मग म्हणाली की तिच्या नातवाच्या झबल्याला तिनं दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या विणल्यात, आणि गेले तीन रविवार ती फोटो काढताना एक बाही आत दुमडून ठेवतेय. मी हसलो नाही. तिनंही सांगताना हसण्यासारखं सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून मी सुई परत हातात घेतली. आठ-दहा टाके झाले, ओळ संपली, उलटली. शालन तिच्या बाजूला बसून विणत होती. माझ्या पट्टीकडं न बघता म्हणाली, “टोकाचा टाका सोडलासा.”

मी बघितलं. सुटला होता.

“उसवू?”

“तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली, आणि तिनं आपली ओळ उलटली.

 मग लोकरीचं टोक चिमटीत धरलं, दुसऱ्या खेपेला ते नीट धरलं गेलं, आणि ओळ उसवायला घेतली.